पहिल्यांदा नाहीच म्हणायचं

...आणि वर मलाच सांगतात, हळू बोला. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीपाशी उभं राहून मी जरा कुठे विचारलं की चहा झाला का, तर म्हणे, हळू बोला जरा, वाचन चाललंय. हे कोण म्हणालं ते सांगतो, सांगणारच आहे, पण ते असं एकदम सांगून तुम्हाला त्यातलं दुःख कळायचं नाही, त्यासाठी आधी बाईंपासून सुरुवात करायला हवी. बाई म्हणजे आमची ही नव्हे. बाई म्हणजे त्या इंग्रज कादंबरीकार. आमच्याकडे त्यांना नावाने कोणी म्हणतच नाही, नुसतं 'बाई'. बाईंना जाऊन दोनशे वर्षं झाली हो, पण आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही.

तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान आहे. आता चष्म्याच्या दुकानात माणूस येतो कशाला, डोळे तपासायला. तर परवा एक प्राध्यापक आले, मशीनसमोर बसले, आणि म्हणतात कसे, "तुमच्याकडे बाईंची पारायणं होतात म्हणे? वा, वा. मानवी स्वभावाचं काय सूक्ष्म निरीक्षण. दोन शतकं झाली, एक सुरकुती नाही." मी म्हटलं, सर, हनुवटी इथे टेका. म्हणजे दुकानातही सुटका नाही. बाईंवर म्हणे परिषदा भरतात. बाईंचे सिनेमे निघतात, एकाच पुस्तकाचे चारचार, शेवट सगळ्यांना पाठ, तरी रडायला रुमाल घेऊनच बसतात. कुठेकुठे म्हणे मोठी शहाणीसुरती माणसं बाईंच्या काळचे कपडे शिवून घेतात आणि ते घालून एकमेकांकडे चहाला जातात. बाईंचं चित्र कपावर असतं. तो कप आमच्या घरात आहे, मी रोज सकाळी त्यातूनच चहा पितो, आणि रोज सकाळी ही म्हणते, "जपून हं, बाई आहेत." अहो, मी चहा पितोय, कुणाला जिन्यावरून खाली नेत नाहीये.

लग्न नवीन होतं तेव्हा एकदा मी हिला विचारलं होतं, एवढं असतं तरी काय त्या पुस्तकांत? खून असतो? नाही. दरोडा? नाही. लढाई? बाईंच्या वेळी तिकडे केवढ्या लढाया चालल्या होत्या, बाईंनी ढुंकून बघितलं नाही. मग असतं काय?

"माणसं एकमेकांच्या घरी जातात."

बरं. पुढे?

"चहा घेतात. मग गैरसमज होतात."

म्हटलं, अगं, हे तर आपण तुझ्या मोठ्या बहिणीकडे गेलो की दर वेळी होतं, त्यासाठी पुस्तक कशाला वाचायचं? तर शांतपणे म्हणाली, "म्हणूनच." आता यावर काय बोलणार माणूस?

हे सगळं सासूबाईंचं, त्या आमच्याकडेच असतात. लहानपणी त्या आजारी पडल्या होत्या, अंथरुणातून उठायची सोय नव्हती, घरात एकच पुस्तक हाताशी होतं, ते बाईंचं. आजार गेला, बाई राहिल्या. मग सासूबाईंनी आपल्या तिन्ही मुलींना जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं, त्या तिघींनी आपापल्या मुलींना, आणि आता अशी परिस्थिती आहे की घरात नवा माणूस आला, नुसता दाराशी येऊन 'मीटर बघायचं आहे' म्हणाला, तरी तो गेल्यावर या बायका एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, "तिसऱ्या पुस्तकातले मामा." म्हणजे तो मीटरवाला कायमचा मामा. डॉक्टर, धोबी, दूधवाला, सगळ्यांची तिकडे सोय लागलेली आहे. मी एकदा भीतभीत विचारलं, मी कोण? तर सासूबाई आणि त्यांच्या तिघी मुली, चौघी हसल्या. सासूबाई तर डोळे पुसायला लागल्या. अहो, माझे केस पांढरे झाले, अजून कोणी सांगितलेलं नाही.

तरी इथवर ठीक होतं. पण त्यांच्यात एक रीत आहे, आणि त्या रीतीने आमचा जीव खाल्ला. रीत अशी, की मुलाने मागणी घातली की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. का? तर बाईंच्या पुस्तकात तसं आहे. पहिल्यांदा मुलगा येतो तो आपल्याच तोऱ्यात, त्याला नाही म्हणायचं. मग तो जातो, झुरतो, सुधारतो, आणि दुसऱ्यांदा येतो तो खरा. सासूबाईंनी नाही म्हटलं, सासरे झुरले, परत आले. मोठ्या मेहुणीने नाही म्हटलं, साडूसाहेब झुरले, परत आले. हिने मला नाही म्हटलं.

आता मी खरं सांगतो, मी झुरलो वगैरे नाही. मी म्हटलं, बरं बाई, राहिलं. जिना उतरून खाली आलो, तर बाहेर पाऊस, आणि छत्री यांच्या घरी. परत वर गेलो, दार हिनेच उघडलं, मी ओशाळून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मग... नक्की नाहीच का?" तर म्हणाली, हो. म्हणजे लग्नाला हो. मी इतका गोंधळलो की छत्री तिथेच राहिली. हिला सगळं माहीत आहे हं, मी लपवलेलं नाही. हिचं म्हणणं, छत्री निमित्त होती. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, आमचा धंदाही तसाच. चष्म्याच्या नंबराला आम्ही पहिल्या उत्तरावर कधी जात नाही. ही काच बरी की ती बरी? ही? आता पुन्हा बघा, ही की ती? माणूस दुसऱ्यांदा खरं बोलतो. तेव्हा म्हटलं, असेल बाईंच्या म्हणण्यात काहीतरी.

पण जगात सगळेच चष्मेवाले नसतात. लिफ्टवालेही असतात.

आम्ही राहतो सहाव्या मजल्यावर. मागे एकदा आमची मुलगी, हात-पाय आखडलेल्या लोकांकडून व्यायाम करून घेते ती, दवाखान्यातून घरी येताना चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने फटीतून आधी विचारलं, आत कोण आहे, मग म्हणाला, "घाबरू नका. लिफ्ट पडत नाही, नुसती थांबते." एवढंच. पण मुलगी वर आली ती हसत आली. त्यानंतर ती लिफ्ट जी चांगली चालायला लागली, ती इतकी चांगली की बघायला तो आठवड्यातून दोनदा यायचा. आमच्याकडे पाणी प्यायचा. मग चहा प्यायचा. मुलगा असा सरळ, की पट्टी लावून बघा. आणि एक दिवस आमच्याच बैठकीच्या खोलीत, पिशवी मांडीवर घेऊन, आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, काकू, मला हिच्याशी लग्न करायचं आहे. तुमची हरकत नसेल तर हिला विचारतो." आणि वळून तिला म्हणाला, "करशील?"

मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. ही स्वयंपाकघराच्या दारात, पदर हातात धरून. सासूबाई आतल्या पलंगावर, पण कान इकडे. मुलीने मान खाली घातली, गोड हसली, आणि म्हणाली, "नाही."

हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "गुणाची गं माझी."

आणि तो? तो म्हणाला, "बरं." उरलेला चहा संपवला, कप कुठे ठेवू विचारलं, ठेवला, पिशवी उचलली, गेला. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो. परत आलाच नाही.

उद्या येईल, उद्या येईल. कशाचा येतोय. लिफ्टला यायचा, काम करायचा, जिन्यात भेटला तर नमस्कार, बाकी काही नाही. मुलगी आधी ऐटीत होती, मग गप्प झाली, मग ताटातलं नुसतं चिवडायला लागली. लिफ्टचं दार वाजलं की मान वर, आणि पुन्हा खाली. एकुलती एक पोर, तिला हवा असलेला मुलगा, आम्हाला पसंत, त्याला ती पसंत, आणि मध्ये उभ्या कोण, तर बाई. बाईंना जाऊन दोनशे वर्षं झाली, पण पोरीचा घास अडवून बसल्या.

मी म्हटलं, मी जातो आणि सांगतो त्याला, बाबा रे, पुन्हा विचार. झालं. तिघी अंगावर आल्या. ही म्हणाली, "सांगून विचारलं तर ते विचारणं कसलं?" सासूबाई म्हणाल्या, "आपणहून यायला हवा. नाहीतर बाईंनी एवढं लिहिलं कशाला?" आणि मुलगी डोळे पुसत म्हणते, "बाबा, तुम्ही एक अक्षर बोललात तर मी त्याच्याशी लग्नच करणार नाही." म्हणजे धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय.

एक दिवस लिफ्टमध्ये मी आणि तो मुलगा, दोघंच. मी आपलं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, सवयच आहे मला. तर तो अदबीने म्हणाला, "काका, एकदा दाबलं की पुरतं. तिला कळलेलं असतं. लोक उगाच दहादा दाबतात, त्याने लिफ्ट लवकर येत नाही, बटण मात्र खराब होतं." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, हा सात जन्मांत दुसऱ्यांदा विचारत नाही.

पण मीही धंद्यात मुरलेला माणूस. त्याला म्हटलं, डोळे लाल दिसतात तुझे, दुकानात ये. आला. बसवला मशीनवर. ही काच बरी की ती? "पहिली." मी म्हटलं, घाई नको, पुन्हा बघ, माणसाने पुन्हा एकदा विचारून बघावं, कधीकधी दुसऱ्यांदा उत्तर बदलतं, नाही का? ही की ती? "पहिली. सांगितलं ना काका." मी चार वेळा फिरवली. चारही वेळा पहिली. डोळे अगदी उत्तम आहेत त्याचे, दिसत काहीच नाही.

मग मला सुचलं, पुस्तक. बोलायची बंदी आहे, पुस्तक द्यायची कुठे आहे? कपाटातून बाईंची कादंबरी काढली, मराठीतली, म्हटलं, वाच रे, थोर आहे, मानवी स्वभावाचं सूक्ष्म निरीक्षण आहे. बिचाऱ्याने नेलं. थोड्याच दिवसांत आमच्या लिफ्टची तपासणी होती, त्या दिवशी आधी परत द्यायला आला. मी आशेने विचारलं, वाचलंस?

"वाचलं. वाईट वाटलं."

वाईट? मी बघतो तर खूण बरोबर अर्ध्यात. म्हटलं, अरे, पुढे अर्धं पुस्तक आहे.

म्हणाला, "पुढे काय असणार, काका? ती नाही म्हणाली."

आणि तसाच शांतपणे म्हणाला, "शिवाय आता वेळही नाही. पुढच्या महिन्यापासून मला शहराच्या पार त्या टोकाच्या इमारती दिल्यात. इथे दुसरा कोणी येईल." हे ऐकून मुलगी आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तो आत पाणी प्यायला गेला. त्याची पिशवी दाराशी. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: छत्री. माझं लग्न कशाने झालं? वस्तू विसरण्याने. पण हा काही विसरणाऱ्यातला नाही, मग विसरायला लावायला हवं. मी पिशवी उघडली, त्यातला एक लहानसा पान्हा काढून खिशात घातला, आणि वजन हाताला कमी लागू नये म्हणून त्याच्या जागी कादंबरी सरकवली. म्हटलं, पान्हा शोधत परत येईल, दार मुलगी उघडेल, हा काहीतरी बोलायचं म्हणून बोलेल. झालं काम.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. या लोकांची एक पद्धत असते, मला काय माहीत? काम संपलं की सगळी हत्यारं फडक्यावर मांडून मोजायची. एक जरी कमी भरलं तरी लिफ्ट सोडायची नाही, कारण ते खाली खड्ड्यात नाहीतर मध्ये कुठेतरी अडकलेलं असू शकतं. त्या दिवशी त्याने मोजली. एक कमी. आणि बसली आमची लिफ्ट.

"काका, पान्हा डोळ्यांनी दिसल्याशिवाय लिफ्ट चालू होणार नाही," असं म्हणाला आणि 'बंद' अशी पाटी लावली. खाली उतरून बॅटरीने शोधतोय, वर गच्चीतल्या मशीनच्या खोलीत शोधतोय. इमारतीत हाहाकार. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी घाम पुसत विचारतात, "कसला पान्हा? सोन्याचा आहे का?" सासूबाईंना मालिश करणारी बाई अर्ध्या जिन्यातून परत गेली. आणि मी? मी सहा मजले चढतोय, उतरतोय, गुडघे बोलतायत, खिशात पान्हा, आणि जो भेटेल त्याला म्हणतोय, काय हो हा बेजबाबदारपणा. देऊन टाकावा तर काय सांगून द्यावा? दुसरा दिवस उजाडला. लिफ्ट बंदच, आणि तो वरच बसलाय म्हणे, खाली उतरलाच नाही.

मग माझ्याच्याने राहवेना. मुलगी दवाखान्यातून आली, जिना चढून धापा टाकत होती, मी पाचव्या मजल्यावर तिला गाठलं आणि मुकाट्याने पान्हा तिच्या हातावर ठेवला. तिने पान्ह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी नुसतं म्हटलं, "छत्री." एकदम कळलं तिला. अशी चिडली, अशी चिडली, की आईची चीड आणि आजीची चीड एकाच तोंडावर दिसली मला. तिथून तरातरा गच्चीवर. मी मागे, माझ्या मागे ही, हिच्या मागे सेक्रेटरी, आणि त्यांच्या मागे जिन्यात दम खात बसलेले सगळे.

मशीनच्या खोलीचं दार उघडं. तो उंबऱ्यावर बसलेला, मांडीवर कादंबरी. मुलीने पान्हा त्याच्यापुढे धरला. "हा घे. बाबांनी घेतला होता. आणि मला हे झुरणं-बिरणं काही जमत नाही, तू त्या टोकाला जाणार, मी इथे दाराचा आवाज ऐकत बसणार, मला नको ते. मीच विचारते. लग्न करशील माझ्याशी?"

ही मागून किंचाळलीच, "अगं, तू कशी विचारतेस? बाईंच्या पुस्तकात कुठे असं..."

त्याने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. वर बघितलं. आणि म्हणाला, "नाही."

म्हटलं, संपलं, माझ्या पान्ह्याने पोरीच्या संसाराचे स्क्रू ढिले केले. पण मुलगी बघत होती त्याच्या बोटाकडे. बोट होतं शेवटच्या पानात. आणि ती हसायला लागली. तोही हसायला लागला. मला काही कळेना, तर ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायलाच लागली, "अहो, वाचलं हो त्याने. सगळं वाचलं."

तो म्हणाला, "पान्ह्याच्या जागी पुस्तक निघालं तेव्हाच काकांचा संशय आला होता. पण नियम म्हणजे नियम, पान्हा दिसेपर्यंत लिफ्ट बंद. मग बसून काय करायचं? म्हटलं, ती नाही म्हणाल्यावर एवढी पानं कसली भरलीत ते तरी बघू." आणि पुस्तक बाजूला ठेवत म्हणाला, "काका, दोनशे वर्षांपूर्वी लिफ्ट नव्हती, पण माणसं अशीच अडकायची हो."

सेक्रेटरी म्हणाले, "ते लग्नाचं तुमचं होऊ दे निवांत, आधी लिफ्ट."

त्याने पान्हा पुसला, फडक्यावर ठेवला, सगळी हत्यारं एकदा मोजली. मग, तुम्हाला सांगतो, तो सरळ माणूस, ज्याने जन्मात बटण दोनदा दाबलं नाही, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दुसऱ्यांदा विचारतो. करशील?" ती हो म्हणाली. हे सासूबाईंना सांगायला आम्ही सगळे खाली उतरलो, तेही लिफ्टने.

तर असं सगळं छान झालं. लग्न ठरलं, पोरगी पोटभर जेवते, माझे गुडघे सुधारले, मी समाधानी आहे, माझी काहीसुद्धा तक्रार नाही. दर रविवारी येतो तो आमच्याकडे. मला वाटलं होतं, चला, या घरात एवढी वर्षं एकटा होतो, आता एक आपल्या बाजूचा माणूस आला, आता दोघं मिळून जरा मोठ्याने बोलू. तो आला, माझ्या खुर्चीत बसला, माझ्या कपातून चहा घेतला, आणि बाईंचं दुसरं पुस्तक उघडलं. तरी मी आशा सोडली नाही. हळूच जवळ गेलो, म्हटलं, अरे, तू आता वाचलंयस, तू पुरुष आहेस, तू तरी खरं सांग, मी कोण रे त्यातला? त्याने माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि तस्सा हसला. अगदी त्या चौघींसारखा.

म्हटलं, जाऊ दे, निदान चहा तरी झाला का? तर पानावरून नजर न काढता जावईबापू म्हणतात कसे, "बाबा, हळू बोला जरा, वाचन चाललंय."

पहिल्यांदाच बाबा म्हणाला हो. आता यावर मोठ्याने काय बोलणार?